श्वासातला ऊस

यंत्राला जिभेचे चोचले नसतात, नातेगोते नसते, आणि म्हणून खोटे बोलण्याचे कारणही नसते, अशी शालनबाई चौगुले यांची पक्की समजूत होती. त्यामुळे ज्येष्ठ महिन्यातील एका सकाळी त्यांचे पती भूपालअण्णा यांनी नित्याप्रमाणे श्वासपेटीत फुंकर घातली, आणि पेटीच्या काचेवर हिरव्या ठिपक्याऐवजी लाल ठिपका व त्याखाली पाल्यासकट उसाचे चित्र उमटले, तेव्हा शालनबाईंनी पेटीकडे संशयाने पाहिले नाही. त्यांनी पतीकडे पाहिले.

"काय खाल्लासा?"

"तू वाढलंस त्येच की."

"मी काय ऊस वाढला न्हवता."

अण्णांनी पेटी हातात घेऊन उलटीसुलटी केली, काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि पुन्हा फुंकर घातली. ऊस जागचा हलला नाही.

"बिघडली आसंल," असे पुटपुटत ते काठी टेकीत अंगणात निघून गेले. त्या जाण्यात शालनबाईंना घाई दिसली. वस्तुतः दोन्ही गुडघे झिजलेल्या माणसाला घाई करता येणे शक्य नव्हते. परंतु संशयाने एकदा दृष्टी धरली की लंगडणाराही पळताना दिसू लागतो.

प्रथम या कुटुंबाची हकीकत सांगणे अवश्य आहे. भूपालअण्णांचे वय अडुसष्ट. शिरोळ तालुक्यातील अर्जुनहाळ या गावी त्यांनी चाळीस वर्षे गुळव्याचे काम केले. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असता तो नेमक्या कोणत्या क्षणी चुलाणावरून उतरवायचा, हे ज्याच्या एका शब्दावर ठरते तो गुळव्या. क्षणभर अगोदर उतरवला तर गूळ पातळ राहतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो. चाळीस हंगाम काहिलीपाशी उभे राहून अण्णांचे गुडघे गेले, आणि चाळीस हंगाम गुळाचा खडा जिभेवर ठेवून, वर दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खाऊन, त्यांचे वजन एकशे दोन किलोवर पोहोचले.

सन दोन हजार एकेचाळीसच्या सुमारास कृत्रिम गुडघे सरकारच्या 'नवी पावले' योजनेतून बसवून मिळत. परंतु मागणारे फार आणि शस्त्रक्रिया करणारे हात थोडे. सबब अट अशी होती, की अर्जदाराने एका वर्षात आपले वजन एक दशांशाने उतरवून दाखवावे, आणि तेही केवळ आहाराने. वजन उतरवणारी इंजेक्शने त्या काळी सर्रास मिळत. तथापि साठी उलटलेल्या माणसाच्या अंगातील चरबीबरोबर ती स्नायूही झिजवतात असे आढळल्यामुळे योजनेने ती वर्ज्य ठरवली होती. भात, भाकरी, चपाती, बटाटा, साखर व गूळ बंद. त्याऐवजी पनीर, ताक, शेंगदाणे, ओले खोबरे, पालेभाजी आणि जवसाच्या पिठाची भाकरी. योजनेच्या पुस्तिकेत पानोपानी अंडी होती. चौगुले कुटुंब जैन असल्याने शालनबाईंनी ती पाने सुईदोऱ्याने शिवून टाकली. जवसाची पहिली भाकरी तोडताना अण्णा म्हणाले होते, "शालन, हिला पंक्चर काढायच्या दुकानात ठिवली तर खपंल." त्या दिवशी दोघेही पोटभर हसले होते.

पाडव्याच्या दिवशी गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, भगवंतासमोर उभे राहून अण्णांनी नियम घेतला होता: गुडघे बसेपर्यंत धान्य व गोड पदार्थ तोंडात घालणार नाही. असा नियम घेऊन मोडणे ही त्या समाजात केवळ आहाराची चूक समजली जात नाही.

आता श्वासपेटी. आरोग्यसेविका सुवर्णाताई घस्ते यांनी ती बसवतेवेळी तिचे शास्त्र ओसरीवर बसून समजावले होते.

"आधीची यंत्रं श्वासातला वास मोजायची. चरबी जळायला लागली की श्वासाला एक वास येतो. पण लोक हुशार. बाजारातनं तेलाची पूड आणून खायचे, वास आणायचे आणि वरनं भात मारायचे. म्हणून ही नवी पेटी आली. हिला फसवता येत नाही."

त्यांनी पुढे सांगितले ते असे. हवेत जो कार्बन असतो तो बहुतांश हलका असतो. शंभरात एखादा भाग जड असतो. झाडे हवेतून कार्बन घेऊन आपले अंग बनवतात. त्यांत भात, गहू, डाळी ही कुळे जड कार्बनाला फार टाळतात. ऊस, ज्वारी, मका ही कुळे त्याला तितकी टाळत नाहीत. म्हणून गुळाच्या खड्यात जड कार्बन तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित अधिक भरतो. आपण जे खातो ते शरीर जाळते, आणि जळलेला कार्बन श्वासावाटे बाहेर पडतो. तो मोजला की कोणत्या कुळाचे खाणे जळते आहे हे कळते. ऊस आणि ज्वारी यांत पेटी भेद करीत नसे; दोहोंसाठी उसाचेच चित्र. भातगव्हाची चोरी पकडण्यास आणखी एक सोय होती व तिच्यासाठी लोंबीचे चित्र होते.

"म्हणजे नवऱ्यानं काय खाल्लं ते बायकोला इचारायलाच नगं म्हणा की!" शालनबाई त्या वेळी कौतुकाने म्हणाल्या होत्या.

पहिले सात आठवडे पेटी हिरवी राहिली आणि नंतर लाल झाली. आठवड्यातून एकदा, मग तीनदा. शालनबाईंनी दिनदर्शिकेवर लाल पेनाने फुल्या मारण्यास आरंभ केला. वजनही मुंगीच्या पावलाने उतरत होते. महिन्याकाठी किलो, कधी त्याहूनही कमी. सुवर्णाताई म्हणत, "या वयात एवढंच उतरतं, मावशी. शरीर म्हातारं झालं की साठवलेलं लवकर सोडत नाही." शालनबाई मान हलवीत, परंतु मनात म्हणत, सोडत नाही की चोरून पुन्हा भरले जाते?

त्यांनी घर धुंडाळले. कणगीमागे हात घातला, गाद्यांच्या घड्या उलगडल्या, अण्णांच्या सदऱ्यांचे खिसे उलटे करून वास घेतला. गुळाचा कणही सापडला नाही. निर्दोष माणसाच्या घरी काही सापडत नाही, तसेच धूर्त माणसाच्या घरीही सापडत नाही. शालनबाईंनी दुसरा अर्थ घेतला.

फुल्यांकडे वारंवार पाहून त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. ज्या दिवशी अण्णा पनीर, ताक, खोबरे पोटभर जेवत, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी बहुधा हिरवी असे. ज्या दिवशी ते "आज भूक न्हाई" म्हणून अर्ध्या ताटावरून उठत, त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊस हमखास उगवे. याचा अर्थ शालनबाईंना स्वच्छ दिसला. बाहेर खाऊन आलेल्या माणसाला घरी भूक कशी लागणार?

"आज बी भूक न्हाई?" श्रावणातल्या एका दुपारी त्यांनी विचारले.

"बास झालं. वजन उतराया पायजे न्हवं?"

"उतरंल की. बाहीर काय चढलं न्हाई तर उतरंल."

अण्णांनी हात धुतला. "कुणीकडं रोख हाय तुजा?"

"माजा कुठला रोख? माजा काय, त्या पेटीचा काय... आमी आपल्या अडाणी."

त्या दुपारी अण्णा काठी घेऊन बाहेर पडले, तेव्हा शालनबाई डोक्यावर पदर घेऊन दोन वळणे मागे राहून चालू लागल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या प्रथमच पतीच्या मागावर निघाल्या होत्या. अण्णा चावडी ओलांडून, माळवाटेने थेट आदगोंडा मगदूम यांच्या वखारीत शिरले. आदगोंडा हे अण्णांचे बालमित्र आणि गुऱ्हाळाचे मालक. मागील हंगामातील गुळाच्या ढेपा त्यांच्या वखारीत रचलेल्या असत. खिडकीच्या फळीला फट होती.

आत अण्णा पाठमोरे बसले होते. आदगोंडांनी एका ढेपेवरून विळ्याने खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. अण्णांनी तो बोटांत धरून मोडला, अंगठ्याने चोळला. मग हात वर उचलला. हात चेहऱ्यापाशी गेला.

पुढचे पाहण्याइतका धीर शालनबाईंत उरला नव्हता. त्या तेथूनच माघारी वळल्या.

त्याच आठवड्याच्या शेवटी सुवर्णाताई घरसाक्ष घेण्यास आल्या. योजनेचा नियम असा, की दर तीन महिन्यांनी अर्जदाराच्या घरातील एका व्यक्तीने टॅबवर आपला अंगठा उमटवून साक्ष द्यावी. तीन वाक्ये असत. 'पथ्य पाळले आहे.' 'पथ्याविषयी मला शंका आहे.' 'पथ्य मोडलेले मी स्वतः पाहिले आहे.'

"लाल फार झालंय, मावशी," सुवर्णाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "शंका आहे म्हणून लिहा हवं तर. मग चौकशी होईल, महिनाभर वेळ मिळेल."

शालनबाई टॅबकडे पाहत राहिल्या. शंका हा शब्द त्यांना त्या क्षणी फार दुबळा वाटला. शंका येते ती परक्याला. त्यांनी तर घर पालथे घातले होते, दोन महिने फुल्या मारल्या होत्या, माळवाट तुडवली होती. हात चेहऱ्यापाशी गेलेला पाहिला होता. भगवंतासमोर घेतलेला नियम मोडून हा मनुष्य रोज सकाळी आपल्यासमोर साळसूदपणे फुंकर घालतो, या विचाराने त्यांच्या कानशिलांत आग झाली. त्यांनी तिसऱ्या वाक्यावर अंगठा ठेवला.

दोन दिवसांनी अण्णांच्या भ्रमणध्वनीवर संदेश आला, की त्यांचे नाव यादीतून कमी केले असून तीन वर्षे अर्ज करता येणार नाही, कारण: घरसाक्ष. अण्णांनी तो संदेश दोनदा वाचला. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले.

"तू सोताच्या डोळ्यांनी बघितलंस?"

"बघितलं."

"काय बघितलंस?"

"आदगोंडाच्या वखारीत काय चाललं हुतं, त्ये तुमच्या तोंडातनंच ऐकू द्या की."

"त्याचा माल जुना झालाय. कुठल्या ढेपा आधी काढायच्या, त्ये मी सांगाया जातो. मोडून बघतो, वास घेतो. आन् काय करतो?"

"चाळीस वर्सं जिबेवर ठिवून पारख केली, आन् आता नाकानं कराया लागलासा व्हय?"

"नियम घेतल्यापास्नं नाकानंच करतो."

"नियम घेतलेली माणसं काय कमी बघितली मी?"

ते वाक्य तोंडातून गेले मात्र, आणि ते मागे घेता येणार नाही हे शालनबाईंनाही कळून चुकले. अण्णांनी शपथ घेतली नाही, आवाज चढवला नाही. केवळ त्या दिवसापासून त्यांनी पत्नीच्या हातचे वाढून घेणे बंद केले. जेवणाच्या वेळी ते स्वतः ताट भरीत, तराजूवर ठेवीत, आणि शालनबाईंच्या समोर क्षणभर धरून उभे राहत, जणू नाक्यावर गाडीची झडती द्यावी. मग कोपऱ्यात बसून जेवीत. योजनेतून नाव गेले होते, तरी पथ्य सोडले नाही. रोज सकाळी पेटीत फुंकरही घालीत. पेटी रोज लाल होई. आणि शालनबाई रोज मनाशी म्हणत, आता कोणाला दाखवायला हे सोंग?

परंतु हा प्रश्नच त्यांना टोचू लागला. दाखवायला कोणी उरले नसता माणूस सोंग का करील? उत्तर मिळत नव्हते, आणि साक्ष तर देऊन झाली होती. माणसाने साक्ष दिली की पुढे त्याला आपल्याच साक्षीची राखण करावी लागते. शालनबाई ती राखण करीत राहिल्या.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. दहा दिवस बस्तीत पूजापाठ चालले आणि शेवटी अनंत चतुर्दशीचा कडक उपवास आला. आदल्या सायंकाळपासून केवळ उकळलेले पाणी. गावातील चाळीसेक वडीलधाऱ्यांनी तो केला. अण्णांनी केला, शालनबाईंनी केला, वृद्ध उपाध्ये, म्हणजे बस्तीचे पुजारी, यांनीही केला. सारा दिवस सर्वजण बस्तीच्या सभामंडपात एकमेकांच्या नजरेसमोर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणे सोडण्यापूर्वी सुवर्णाताई आपली पेटी घेऊन मंडपात आल्या. योजनेत नवीन नावे घालावयाची होती, आणि उपाशीपोटी पहिली नोंद घेणे त्यांना सोयीचे होते. प्रथम उपाध्यांनी फुंकर घातली.

लाल ठिपका. ऊस.

मंडपात हास्याचा असा लोंढा उठला की कबुतरे उडाली.

"उपाध्ये, काल गुपचूप काय चाखलंत?"

"आवो, भगवंताच्या गाभाऱ्यात गुळाची ढेप हाय काय?"

उपाध्ये संतापले. "लावा की सगळ्यांना! मलाच का?"

सुवर्णाताईंनी गोंधळून पुढच्या माणसास फुंकर घालावयास लावली. ऊस. त्याच्या पुढच्यास. ऊस. आदगोंडा मगदूम यांना. ऊस. आदगोंडा ओरडले, "मी चोर आसलो तरी कालच्याला न्हवतो!" सकाळी पोहे खाऊन आलेल्या सुवर्णाताईंनी खात्रीसाठी स्वतः फुंकर घातली, तर काचेवर लोंबी उमटली. म्हणजे पेटी बिघडलेली नव्हती. पेटी बरोबर होती, आणि मंडपातील सारी वृद्ध मंडळी एकजात चोर होती.

स्त्रियांच्या बाजूस बसलेल्या शालनबाई उठल्या.

"माजी बगा."

"मावशी, तुमचं नाव योजनेत नाही..."

"बगा म्हणते न्हवं!"

त्यांनी पेटी ओढून घेतली व डोळे मिटून फुंकर घातली. छत्तीस तास त्यांनी अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. याला कोणाच्या साक्षीची गरज नव्हती. आपल्या पोटात काय गेले हे ज्याचे त्यालाच जितके ठाऊक असते, तितके जगात कोणालाच नसते. त्यांनी डोळे उघडले. काचेवर, पाल्यासकट, ऊस उभा होता.

त्यांनी मान वर करून मंडपाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. तेथे खांबाला टेकून भूपालअण्णा बसले होते. सारा मंडप हसत होता. ते हसत नव्हते. ते शालनबाईंकडेच पाहत होते.

सुवर्णाताईंनी पुण्यास दूरध्वनी लावला. यंत्र बनवणाऱ्या संस्थेतील अभियंत्याशी त्या बराच वेळ बोलल्या. नंतर मंडपात येऊन त्यांनी जे सांगितले ते सर्वांनी कान देऊन ऐकले.

"पेटी खोटं बोलत नव्हती," त्या म्हणाल्या. "तिचा अर्थ लावणारे चुकले. तुमच्या श्वासात ऊस आहे हे खरंच आहे. पण तो कालचा नाही. तो चाळीस वर्षांपूर्वीपासूनचा आहे."

प्रकार असा होता. मनुष्य जे जास्तीचे खातो त्याची शरीर चरबी करून ठेवते. त्या चरबीत त्या त्या अन्नाचाच कार्बन असतो. या पट्ट्यातील माणसाने जन्मभर गूळ खाल्ला, ज्वारीची भाकरी खाल्ली. त्याच्या अंगावरील चरबी म्हणजे एका अर्थी उसाचे उभे शेतच. जोवर पोटात आजचे अन्न आहे तोवर शरीर ते जाळते. आजचे अन्न पुरेनासे झाले, म्हणजे ते साठवणीला हात घालते. आणि मग जुना गूळ, जुनी ज्वारी श्वासावाटे बाहेर पडू लागते. यंत्राची कसोटी घेतली गेली ती शहरात, गहू-तांदळावर वाढलेल्या माणसांवर. त्यांची जुनी चरबी जळाली तरी उसाचे चित्र उमटत नव्हते. सबब उसाचे चित्र म्हणजे चोरी, असे गृहीत धरले गेले.

"मग अण्णांची पेटी..." कोणीतरी विचारले.

"अण्णांची पेटी ज्या दिवशी लाल झाली," सुवर्णाताई मान खाली घालून म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांची चरबी खरोखर जळायला लागली होती. ज्या दिवशी ते कमी जेवले, त्या दिवशी जास्त. एवढं काटेकोर पथ्य तालुक्यात दुसऱ्या कोणी पाळलेलं मला तरी दिसत नाही."

शालनबाईंना दिनदर्शिकेवरील आपल्या फुल्या आठवल्या. प्रत्येक फुली म्हणजे त्या माणसाने अर्धपोटी काढलेला एक दिवस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुवर्णाताई घरी आल्या. अण्णा बस्तीत गेले होते. योजनेने सर्व लाल नोंदी रद्द केल्याचे त्यांनी सांगितले. शालनबाईंनी हात जोडले. "मग नाव आलं न्हवं परत?"

"नाही आलं, मावशी. पेटीमुळं ज्यांची नावं गेली ती आली. अण्णांचं नाव पेटीमुळं गेलंच नव्हतं. पेटी चुकली तर दुरुस्त करता येते. 'मी स्वतः पाहिले' या वाक्याला दुरुस्ती नाही."

"मग?"

"एकच मार्ग आहे. साक्षीदारानं चार माणसांसमोर सांगायचं, की मी पाहिलं नव्हतं, साक्ष खोटी दिली. मी नोंद करायची. अण्णांचं नाव लगेच येईल. पण खोटी साक्ष देणाऱ्याला पाच वर्षं कुठल्याच आरोग्य योजनेत घेत नाहीत." त्यांनी शालनबाईंच्या डाव्या गुडघ्याकडे पाहिले. तो गेल्या वर्षापासून सुजत होता, हे त्यांना ठाऊक होते. "आणि बदनामी होते, ती वेगळी. विचार करून सांगा."

शालनबाईंनी रात्रभर नव्हे, तर तेथेच, चुलीसमोर बसल्या बसल्या विचार केला. खोटी साक्ष? आपण खोटे बोललो नव्हतो; आपल्याला खात्री होती. हात वर गेलेला आपण पाहिलाच होता. त्या हाताचे पुढे काय झाले ते पाहिले नव्हते. हात आणि तोंड यांच्यामधले चार बोटांचे अंतर आपण आपल्या पदरचे भरून काढले होते. त्या चार बोटांच्या जागेत बेचाळीस वर्षांचा संसार मावत होता, आणि आपण तेथे एक गुळाचा खडा ठेवला.

पुढच्या दिवशी क्षमावाणी होती. दशलक्षण संपले की त्या दिवशी बस्तीत लहानथोर सर्वजण एकमेकांपुढे हात जोडून, वर्षभरात कळत नकळत दुखावले असल्यास क्षमा करावी, असे म्हणतात. पुष्कळदा ते शब्द सवयीने येतात आणि सवयीने स्वीकारले जातात. सुना सासवांना म्हणतात, भावकीतले वादी प्रतिवादी म्हणतात, आणि चहा घेऊन घरी जातात.

शालनबाई उठून मंडपाच्या मध्यभागी गेल्या. त्यांनी सुवर्णाताईंना मुद्दाम बोलावून आणले होते.

"मला सगळ्यांदेखत सांगायचं हाय," त्या म्हणाल्या. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. "मी लिवून दिलं हुतं की ह्यांनी नियम मोडलेला मी बघितला. मी बघितलं न्हवतं. हात वर गेलेला बघितला, आन् पळून आले. तोंडात गेल्याचं माज्या मनानं बघितलं. साक्ष खोटी हाय. लिवून घ्या, सुवर्णाबाई. ह्यांचं नाव घाला, आन् माजं काय करायचं त्ये करा."

मंडपात कोणी हसले नाही. सुवर्णाताईंनी टॅब पुढे केला. शालनबाईंनी अंगठा उमटवला.

मग त्या पतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि हात जोडले. जे शब्द त्या दिवशी सारे म्हणत होते ते त्यांच्या तोंडून निघेनात.

भूपालअण्णा शांतपणे म्हणाले, "पेटीवर माजा राग न्हाई, शालन. ती पुण्याची. तिला माजी वळख न्हवती."

पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. शालनबाईंना ते पूर्ण ऐकू आले.

दोघे घराकडे निघाले. अण्णा काठी टेकीत, आणि शालनबाई सुजलेला गुडघा सांभाळीत. चावडीपाशी शालनबाईंना राहवले नाही.

"माज्यावरचा इस्वास उडाला न्हवं तुमचा?"

अण्णा थांबले, दम घेतला. "पाच म्हैन्यांत वजन किती उतरलं माजं?"

"साडेचार किलो."

"तेवढ्याच चालीनं बसंल परत. घाई करून व्हायचं न्हाई ह्या वयात."

घरी आल्यावर अण्णांनी ताट घेतले नाही, तराजूही काढला नाही. ते पाटावर बसले. शालनबाईंनी त्यांच्यापुढे पनीर, मेथी आणि जवसाची भाकरी वाढली. अण्णांनी ताटाकडे पाहिले, एक क्षण शालनबाईंकडे पाहिले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तो तुकडा तोंडात जाईपर्यंत शालनबाईंनी नजर हलवली नाही.